पहिल्या दिवसाचा चिखल

आत्ताच सांगते, नंतर नाही. जेवणाची सुट्टी संपायला अर्धा तास आहे, डबा उघडून तसाच समोर पडलाय, आणि हे आत्ता टाइप नाही केलं तर दुपारभर माझ्याच्यानं त्या खुर्चीत बसवणार नाही. झालं एवढंच, की सकाळी मी सरांकडे धानाच्या रोवण्यासाठी चार दिवस सुट्टी मागितली. सर काही वाईट नाहीत. रागावले-बिगावले नाहीत. कॉम्प्युटरमधून मान वर न काढता म्हणाले, "दोन दिवस थांब ना, मग जा."

बस. दोन दिवस थांब. आणि माझे कान तापले. कारण हे वाक्य माझं आहे. मागच्या वर्षी याच दिवसांत, अशीच मान खाली घालून, मी ते बिमला दीदीला म्हटलं होतं.

काल मायनं पऱ्ह्याचा फोटो पाठवला. इथं नागपुरात माझ्या रूममेटला दाखवला तर ती म्हणे, किती छान लॉन आहे गं! लॉन! अगं, धानाची रोपं आहेत ती. आधी एका कोपऱ्यात दाट पेरायची, वीस-पंचवीस दिवसांची झाली की उपटायची आणि बांधीतल्या चिखलात मूठमूठ घेऊन वाकून वाकून लावायची. त्याला आम्ही रोवणा म्हणतो. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला शेताचा तुकडा. आमच्या गोंदिया जिल्ह्यात शेत एकरानं नंतर, आधी बांधीच्या नावानं ओळखतात: आंब्याची बांधी, बोडीखालची (म्हणजे छोट्या तळ्याखालची) बांधी, मोठी बांधी. आणि पऱ्ह्याचं असं आहे की ते कोणासाठी थांबत नाही. पाणी नसो, माणसं नसोत, ते आपलं वाढत राहतं. फार दिवस झाले की काडीला गाठ धरते, आणि गाठ धरलेलं पऱ्हं रोवलं तर फुटवे येत नाहीत. जेवढं लावलं तेवढंच उभं राहतं. म्हणून या दिवसांत गावात कोणी कोणाला बरं आहे का विचारत नाही. पऱ्हे किती दिवसाचे झाले, हेच विचारतात.

एसीत बसून पाय शिवशिवतायत माझे. खरंच.

बिमला दीदी कोण ते सांगते. आमगावला बाबांचं छोटं किराणा दुकान आहे, त्याच्यासमोर तिचा चाऊमीन-मोमोचा ठेला. ती नेपाळची. नवरा-बायको दोघं मिळून ठेला चालवायचे, मग नवरा कतारला गेला आणि कढई हिच्या हातात आली. मी कॉलेजमधून आले की अर्धी प्लेट खायचे आणि पूर्ण प्लेटभर गप्पा मारायचे. लोकांना वाटतं नेपाळी म्हणजे सगळे डोंगरातले. कोणीतरी विचारलं, तुमच्याकडं बर्फ पडतो ना? ती म्हणाली, "बर्फ मैंने पहली बार आमगाँव के फ्रिज में देखा, भैया." तिचं गाव तराईत. बॉर्डर ओलांडली की तासाभरात. सपाट, आणि जिकडं पाहावं तिकडं धान. आमच्यासारखंच.

मागच्या जूनमध्ये मायला रोवण्याला बाया मिळेनात. गावातली अर्धी तरणी माणसं हैदराबादकडं बांधकामावर जातात. आधी पाऊस लागला की परत यायची, आता तिकडंच राहतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मात्र येतात, कारण तेव्हा उमेदवार गाडी पाठवतात, जेवण देतात, मत टाकलं की परत नेऊन सोडतात. मायचं म्हणणं, "मताले गाडी येते, रोवण्याले कोनी सायकल नाही पाठवत." मी हे दुकानात बोलत होते आणि समोरून दीदी ऐकत होती. पावसात ठेला तसाही बंदच राहणार होता. ती म्हणाली, रोपाई तर मला झोपेतही येते, मी येऊ?

आली. आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला.

बांधीत माय, मी, दीदी आणि शेवंता काकूंची सहा बायांची टोळी होती. शेवंता काकू म्हणजे आमच्या गावच्या रोवण्याच्या कारभारीण. गुत्ता, म्हणजे कामाचा ठेका, त्याच ठरवतात, कोण कुठं वाकेल तेही त्याच सांगतात. मायनं पहिल्या मुठीला हळद-कुंकू वाहिलं, मूठ रोवली, आणि ती उभी राहते न राहते तोच दीदीनं खाली वाकून ओंजळभर चिखल उचलला आणि हसत हसत मायच्या दोन्ही गालांना फासला.

सगळ्या बाया थिजल्या. म्हणजे चिखल आमच्याकडंही लावतात, पण रोवणा संपतो त्या दिवशी! शेवटची मूठ लागली की मालकिणीला धरून चिखल फासायचा. चिखल म्हणजे सरला. आता घरी जायचं, जेवायचं, हात धुवायचे. पहिल्याच दिवशी चिखल म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच सरलं म्हणून सांगणं. दीदीला काय माहीत. नेपाळी आषाढाचा तो पंधरावा दिवस होता, असार पन्ध्र. त्या दिवशी तिकडं रोपाईत सगळे एकमेकांवर चिखल उडवतात आणि दही-चिउरा खातात. ती घाबरून मायला तेच सांगत होती. शेवंता काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गेलं आता. पयल्याच दिसी चिखल लागला, हा रोवना काई सरत नाही."

मायनं दुसरी मूठ घेतली. गाल पुसलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या डब्याखाली दुसरा डबा निघाला, त्यात दही-पोहे. दीदीसमोर सरकवून म्हणाली, "तुजा सण काल झाला ना. खा."

त्या दिवसांचं मला कायकाय आठवतं! दीदीची लावायची पद्धत वेगळी, ती आमच्यापेक्षा कमी काड्या घ्यायची आणि दुप्पट वेगानं मागं सरकायची. शेवंता काकूंना ते खुपायचं. खरं तर वेग नाही, दुसरंच खुपत होतं. एकदा धुऱ्यावर पाणी पिता पिता त्यांनी बोलूनच टाकलं, की बाहेरची बाई कमी भावात येत असन तं आमाले काऊन बलावलं? दीदीला अर्धं समजलं, अर्धं मी सांगितलं. ती म्हणाली, कमीत नाही आले, जेवढं तुम्हाला तेवढंच मला. मग हात झटकत म्हणाली, "काकी, हमारे गाँव की औरतें यही बात यूपी वालों को बोलती हैं."

कारण त्यांच्याकडं रोपाईला यूपीतून टोळ्या येतात! बॉर्डर पार करून. त्यांची माणसं कतारला, मलेशियाला, आमगावला. मग त्यांच्या चिखलात आपल्याकडची माणसं. आणि आपली हैदराबादला, आणि आपल्या चिखलात त्यांची बिमला दीदी. शेवंता काकूंनी पाण्याचा लोटा खाली ठेवला. मग हसल्या. म्हणाल्या, "मंग तं तू आमचीच व्हय वं." त्यानंतर दीदीला लावणीत सगळ्यात मऊ चिखलाची जागा मिळायला लागली.

मी त्या रात्री नीट झोपले नव्हते, एवढं आठवतं. सगळे कुठं ना कुठं चाललेच आहेत, आणि प्रत्येकाची बांधी दुसराच कोणी रोवतोय. मग सरळ आपापलीच का नाही रोवत? पण मग कतारचं छप्पर आणि हैदराबादचा जिना कोण बांधणार? आणि दीदीच्या घराला सिमेंटची भिंत, नळ, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, हे सगळं त्या कतारमधूनच तर आलं. शेतातून नाही आलं. मी बी.कॉम. आहे, मला फक्त असं वाटत राहतं की कुठंतरी एक माणूस कमी पडतोय आणि तो कुठून कमी पडतोय तेच सापडत नाही.

मग मध्ये पावसानं ओढ दिली. दहा-बारा दिवस नुसतं ऊन. मोटरीच्या पाण्यावर आंब्याची बांधी झाली, बोडीखालची झाली, मोठी राहिली. तेवढ्यात पाऊस परत आला आणि सगळ्यांनाच एकदम बाया पाहिजे झाल्या. शेवंता काकूंची टोळी मोठ्या गुत्त्यावर निघून गेली. उरलो आम्ही तिघी. याच दिवसांत दीदीनं मला तिच्या जमिनीचं सांगितलं.

तीन तुकडे आहेत तिचे, ती त्यांना कित्ता म्हणते. घरी सासू एकटी, तिला दीदी आमा म्हणते. दोन वर्षं रोपाईला माणसंच मिळाली नाहीत, म्हणून जमीन पडीक राहिली. आणि तिच्या वॉर्डात जे नवीन लोक निवडून आले त्यांनी ठरवलं, सलग तीन वर्षं जी जमीन पडीक राहील ती दुसऱ्याला कसायला द्यायची. ऐकताना मला आधी वाटलं, बरोबरच आहे की, जमीन रिकामी कशाला ठेवायची! मग वाटलं, हे ठरवताना हात वर कोणी केले? जे तिथं होते त्यांनी. ज्यांच्या जमिनी पडीक होत्या ते तर कतारमध्ये होते. दीदीनं आजवर एकदाही मत टाकलं नाही, ना तिकडं, ना अर्थातच इकडं. तिला न्यायला कोणाची गाडी येणार होती?

हे तिसरं वर्ष होतं. आमानं एकटीनं पऱ्हे टाकले होते. रोज दुपारी व्हिडिओ कॉल यायचा, आमा पऱ्ह्याजवळ हात धरून उंची दाखवायची, आणि दीदी चिखलाचा हात साडीला पुसून आमचे पऱ्हे तिला दाखवायची. दोघी आपापल्या पऱ्ह्याचे दिवस मोजायच्या. यूपीची टोळी येणार होती, बोलणं झालं होतं.

मग एका मंगळवारी फोन आला की टोळी दुसरीकडं गेली. तिकडं जास्त भाव मिळाला. पऱ्ह्याला गाठ धरायला आठवडा उरला असेल. दीदी मला बांधीच्या कडेला म्हणाली, "बहिनी, आज शाम की बरौनी वाली गाड़ी पकड़ लूँ तो परसों घर में. गाँव से दो-चार हाथ जोड़ लूँगी, हो जाएगा."

आता मी काय केलं ते लिहिते. आढेवेढे न घेता.

शुक्रवारी माझी नागपूरला मुलाखत होती. याच ऑफिसची, याच खुर्चीची. दीदी गेली तर मोठी बांधी मला आणि मायला दोघींनाच रोवावी लागणार होती, आणि मायला एकटीला टाकून मला जाता आलं नसतं. मी पऱ्ह्याच्या पेंढ्या सोडत होते. मान वर केली नाही. म्हणाले, "दोन दिवस थांबा ना दीदी. मोठी बांधी होऊ द्या, मग जा."

तिनं त्यातली एक पेंढी उचलली. मग म्हणाली, ठीक आहे. मायला आम्ही दोघींनीही सांगितलं नाही. मी सांगितलं नाही, कारण माय काय म्हणेल ते मला माहीत होतं. दीदीनं सांगितलं नाही, कारण तिला वाटलं मी मायच्या वतीनं बोलतेय.

बुधवार गेला. दीदी माणसासारखी लावतच नव्हती, यंत्रासारखी. गुरुवारी दुपारी आम्ही धुऱ्यावर भाकरी खात होतो तेव्हा आमाचा फोन आला. मला बोलणं कळलं नाही, दीदीच्या हातातली भाकरी खाली गेलेली दिसली. शनिवारपासून तीन दिवस बॉर्डर बंद. कसली तरी निवडणूक. निवडणूक असली की असं करतात म्हणे, माणसांचं येणं-जाणं बंद. आता निघाली तरी ती शनिवारी बॉर्डरवर पोचणार. मंगळवारी निघाली असती तर त्या वेळी ती घरी, आपल्या चिखलात उभी असती.

मायनं विचारलं काय झालं, आणि दीदीनं सगळं सांगितलं. मंगळवारपासूनचं सगळं. मायनं माझ्याकडं पाहिलं. माय ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुले कोनं सांगतलं होतं तिले थांबवाले?"

मी म्हटलं, आपलीच बांधी होती ना माय.

"आपली बांधी पडली असती तं एक बांधी पडली असती. तिची पडली तं जाते." आणि मग हळूच, "पऱ्हे तिचे बी वाढूनच राहिले ना वं, पोरी."

एवढं बोलून माय उठली. मोठी बांधी अर्धी हिरवी, अर्धी नुसतं पाणी. ती त्या पाण्यात उतरली, वाकली, ओंजळीत चिखल घेतला, आणि धुऱ्यावर बसलेल्या दीदीच्या दोन्ही गालांना फासला. नीट, हळू, जसं उटणं लावतात तसं.

"सरला तुजा रोवना. जा आता."

दीदी म्हणाली, अम्मा, अभी तो आधी बाकी है. माय म्हणाली, "माज्याकून सरला."

दीदीनं तोंड धुतलं नाही. तसंच वाळलेलं तोंड घेऊन बाबांच्या मोटरसायकलवर बसून गोंदिया स्टेशनला गेली. मी शुक्रवारी नागपूरला आले. मुलाखतीत विचारलं, दबावाखाली काम करता येतं का? मी म्हटलं, हो. नोकरी लागली.

ती बॉर्डरच्या अलीकडं एका शेडमध्ये तीन दिवस बसून होती. गाव तिथून तासाभरावर. मी रोज विचारत होते, पोचलात का. उत्तर आलं ते थेट घरून. गाठ धरलेले पऱ्हे आमानं आणि तिनं मिळून दोन कित्त्यांत लावले, तिसऱ्यापुरते उरलेच नाहीत, वाळले. दिवाळीनंतर, इकडं गावोगावच्या मंडईचे, म्हणजे जत्रांचे, दिवस चालू होते तेव्हा, तिनं कापणीचा फोटो पाठवला. धान असं विरळ की मधून मागची म्हैस दिसत होती. वॉर्डातले लोक येऊन पाहून गेले. दोन कित्ते राहिले. तिसरा दुसऱ्याला कसायला दिला. हे तिनं फोनवर असं सांगितलं जसं आज भाजी काय केली सांगतात. मी म्हटलं, सॉरी दीदी. ती हसली. "तुमने बॉर्डर बंद किया था क्या?"

त्या हसण्यानं मला वर्षभर नीट बसू दिलेलं नाही. रागावली असती तर भांडून मोकळी झाले असते ना.

आमच्या मोठ्या बांधीचा अर्धा भाग तसाच पडला. हिवाळ्यात मायनं त्यात लाखोरीची डाळ टाकली. शेवंता काकू गावभर सांगत सुटल्या की मी म्हटलं नव्हतं, पयल्याच दिसी चिखल लागला तं रोवना सरत नाही? मी ऐकत होते. चिखलाचा काय दोष. पण मी तोंड उघडलं नाही, त्यांचं तेच खरं राहू दिलं. माय मात्र एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "चिखलानं नाही पडली बांधी." एवढंच. बाकी तिनं गिळलं.

यावर्षी दीदी आली नाही. ठेला ताडपत्रीखाली उभा आहे, बाबा अधूनमधून त्यावरचं पाणी झटकतात. आणि आज सकाळी, मी सरांच्या केबिनमध्ये जायच्या दहाच मिनिटं आधी, तिचा फोटो आला. दोन्ही गालांवर चिखल, बाजूला आमा, तिच्याही गालांवर चिखल. मागं दोन कित्ते नुकतेच लावलेले, पाण्यात उभ्या असलेल्या काड्या. त्यांच्या पलीकडं तिसरा. त्यात दुसऱ्या कोणाचं धान, आधी लावलेलं, चांगलं हिरवंगार. फोटोत तो कापता आला असता. तिनं कापला नाही. की मलाच तो आधी दिसला?

खाली लिहिलं होतं, "हमारा हो गया बहिनी. तुम्हारा?"

तुम्हारा! आमचे पऱ्हे आज पंचवीस दिवसांचे झालेत, माय एकटी आहे, शेवंता काकूंची टोळी यंदा पुन्हा मोठ्या गुत्त्यावर आहे, आणि मी नागपुरात डबा उघडून बसलेय.

सुट्टी संपली. सर आले आत. मी आत्ताच उठून जाऊन आले, म्हणून मधली ओळ तुटल्यासारखी वाटत असेल. मी म्हटलं, सर, पऱ्हे दोन दिवस थांबत नाहीत. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. विचारलं, पऱ्हे म्हणजे कोण? मी सांगत बसले नाही. म्हटलं, आजच्या गाडीनं जाते, पगार कापायचा तर कापा. ते अजून बघतायत माझ्याकडं, आणि मी हे टाइप करतेय, एका हातानं बॅगेची चेन लावतेय.

दीदीला अजून उत्तर दिलेलं नाही. तोंडाला चिखल लागला की मग फोटो पाठवीन.

पण तुम्ही सांगा ना. तुम्ही कधी कोणाला असं, मान वर न करता, दोन दिवस थांब म्हटलंय का? आणि ते दोन दिवस तिच्या पऱ्ह्याचे होते हे तुम्हाला केव्हा कळलं?